बारकोडइतकीच टाचणीवरची माशीही जपा

पुण्यातील वेताळ टेकडीवर घाणेरीच्या वाळक्या काड्यांत राहणाऱ्या, मधमाशीच्या जातकुळीतल्या बारीक काळ्या माश्यांची नावे डीएनए बारकोडिंगने कळतील का, असे आपण विचारले आहे. कळू शकतील, पण प्रयोगशाळा गाठण्याआधी माशी भिंगाखाली धरा. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलगत शिरांनी आखलेले लहान कप्पे तीन असतील तर ती बहुधा सेराटिना या गटातली आणि दोनच असतील तर ब्राउन्सॅपिस या गटातली असते. एवढे साधले की प्रजातीचे कोडे निम्मे सुटते.

बारकोड म्हणजे पेशीतील मायटोकाँड्रिया या भागातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली. आपल्या माशीच्या या तुकड्यातील अक्षरांचा क्रम वाचून तो 'बोल्ड' या बारकोडच्या संग्रहातील क्रमांशी ताडून पाहतात, आणि अडचण तिथेच येते, कारण आपल्याकडच्या कितीतरी रानमाश्यांचे खात्रीशीर क्रम तेथे अजून नाहीत. सर्वांत जवळचा क्रम ९२ टक्केच जुळला, तर ते नाव आपल्या माशीला चिकटवू नये. माझ्या एका नमुन्यातून तर माशीऐवजी तिच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूचाच क्रम आला होता.

म्हणून माशी जपायची. पाचसहा वर्षांपूर्वी तळजाईवर मिळालेली एक सेराटिना माझ्याकडे आहे. तिचा मधला उजवा पाय डीएनएसाठी काढलेला आहे आणि टाचणीवर ठिकाण, तारीख, फुलाचे नाव व क्रमाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. त्या वेळी तिचा क्रम कशाशीच जुळला नव्हता. नाव लागले ते अलीकडे, एका वर्गीकरणतज्ज्ञांनी तिच्या चेहऱ्यावरच्या पिवळ्या खुणा पाहिल्यावर. नुसता क्रम ठेवला असता, तर तो आजही बेनाव राहिला असता.

माशी मारण्यासाठी इथाइल ॲसिटेट वापरू नका, त्याने डीएनए खराब होतो. फ्रीझरमध्ये ठेवणे उत्तम. पाय ९५ टक्के इथेनॉलमध्ये, थंड जागी ठेवा. पाचदहा नमुन्यांना नेहमीचे सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका नमुन्याचा क्रम वेगळा वाचणे, पुरते. शेकडो असतील तर प्रत्येकाला वेगळी खूण जोडून सगळे नॅनोपोर या क्रम वाचणाऱ्या यंत्रावर एकत्र वाचणे स्वस्त पडते. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा असल्याने आधी परवानगी घ्या, आणि काम झाल्यावर नमुने घरात न ठेवता आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्राकडे ते जमा करता येतील का, याची चौकशी करा.