अँटिबायोटिक न घेणाऱ्या माणसाला रेझिस्टंट जंतू भेटतो कुठे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, नवव्या दिवशी ताप आला, लघवीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला आणि रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे (हे अगदी शेवटी राखून ठेवलेलं अँटिबायोटिक) ‘आय’ म्हणजे मधलं, बाकी सगळीकडे ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. बाबा तर सर्दीलाही काढाच घेणारे, मग त्यांचं शरीर औषधांना सरावलं कसं?

शरीराचा यात काही दोष नाही. सरावलेला आहे तो जंतू, आणि तो बहुधा वॉर्डातच त्यांच्याकडे आला. (‘आय’ बघून घाबरू नका. अमेरिकी मानकांनुसार २०२० पासून कोलिस्टिनपुढे ‘एस’ (औषध लागू पडतं) असं लिहीतच नाहीत.)

मी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा बघतेय. औषधाची चकती ठेवली की तिच्याभोवती स्वच्छ गोल पडायला हवा. तुमच्या बाबांसारख्या रिपोर्टात चकतीच्या कडेपर्यंत गच्च वाढ असते. क्लेबसिएलाच्या वसाहती दिसायलाही ओल्या, बुळबुळीत. काही तर लूपने (तारेच्या कडीने) उचलल्या की पाकाला येते तशी तार येते.

आता हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो कसा? विरजणासारखा. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, आणि तिच्याकडे उद्या पातेलंभर दही लागतं. जंतूच्या मुख्य डीएनएखेरीज प्लास्मिड नावाची छोटी गोल कडी असते. तिच्यावर बऱ्याचदा चार-पाच औषधांना पुरून उरणारी जनुकं एकत्र बसलेली असतात. दोन जंतू एकमेकांना चिकटले की या कडीची नक्कल पलीकडे जाते, मूळ प्रत देणाऱ्याकडेच राहते. घेणारा त्याच जातीचा असायलाही लागत नाही. एनडीएम-१ (यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली) हे भारी अँटिबायोटिकही निकामी करणारं जनुक सापडलं तेव्हा हेच दिसलं होतं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत ते क्लेबसिएलामध्ये मिळालं. तो आधी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. मग त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं. म्हणजे देवघेव बहुधा त्याच्या आतड्यातच झाली. पुढे नावातल्या दिल्लीवरून आपल्याकडे भरपूर आरडाओरडा झाला, तो सोडून देऊ.

आणि बाबांनी अँटिबायोटिक घेतलंच नाही, हेही तपासून बघा. फार्मसीचं बिल काढा. ऑपरेशनच्या वेळचं इंजेक्शन त्यात असणारच, कदाचित नंतरचे काही दिवसही. त्याने आतड्यातले साधे जंतू मरतात आणि नव्या पाहुण्याला जागा मोकळी होते.

पाहुणा येतो तो मुख्यतः हातांवरून. मावशी एकाच जगने चार जणांच्या लघवीच्या पिशव्या रिकाम्या करतात, मध्ये ग्लोव्हज बदलत नाहीत. आमच्याकडे एकदा सलग तीन बेडवर एकच जंतू आला तो असा. रात्री वीस पेशंटला दोन सिस्टर असतील तर कोणाकोणावर रागवायचं?

पण हात नीट धुतले तरी प्रश्न संपत नाही, कारण धुण्याची जागाच जंतूचं घर असू शकते. अमेरिकेत बेथेस्डाला एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं नावाजलेलं रुग्णालय आहे. तिथे जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून असाच क्लेबसिएला असलेली एक रुग्ण आली. तिला वेगळं ठेवलं, सगळी काळजी घेतली, ती घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच रुग्णात तो जंतू निघाला. शेवटी एकूण १८ जणांना लागण झाली, ११ दगावले, त्यातले ६ थेट या जंतूमुळे. जनुकीय क्रम लावून पाहिला तर साखळी पहिल्या बाईंपर्यंत पोचली. जंतू सिंकच्या नाळीत सापडला आणि साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही!

सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचतं, तिथे जंतूंचा चिकट थर धरतो. व्हर्जिनियात प्रयोग करून पाहिलंय: अन्नांश मिळाला की हा थर दिवसाला साधारण इंचभर वर चढतो. एकदा जाळीपर्यंत आला की नळाच्या धारेने शिंतोडे बाहेर उडतात.

तेव्हा उद्या राउंडला दोन गोष्टी विचारा. एक, कॅथेटर (लघवीची नळी) अजून लागतोय का? नसेल तर काढायला सांगा, रोज विचारा. दोन, ताप खरंच लघवीतल्या जंतूचाच आहे, की तो नुसता नळीवर बसलाय आणि तापाचं कारण छातीत किंवा जखमेत आहे? दुसऱ्या प्रकारात कोलिस्टिन द्यायची गरजच नसते, आणि ते किडनीला जड जातं.

बेडच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली टांगा, बाबांना हात लावणाऱ्या प्रत्येकाला, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही, आधी ती दाखवा. क्लेबसिएला त्याने मरतो. शेजारच्या पेशंटच्या बेडवर बसू नका. आणि डबा, उरलेला चहा, नारळपाणी खोलीतल्या हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतत असाल तर आजपासून बंद करा. पँट्रीतल्या मोरीत विसळा.