एकाच सेलमधला खोडलेला आकडा स्क्रिप्टने कसा ओळखावा?

गूगल शीटमधील एकाच सेलमध्ये काही मजकूर खोडलेला व काही तसाच असेल तर स्क्रिप्टला (शीट आपोआप वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) तो फरक कसा कळावा, की नोंद करणाऱ्यालाच वेगळा रकाना वापरायला लावावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या भागावरून मात्र आमच्या घरात दोन वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात शेतकरी गटामार्फत कापूस खरेदी होते. काट्यावरच्या नोंदी एक वयस्कर काका करतात. त्यांनी उभे आयुष्य खतावणी लिहिण्यात घालवले असल्यामुळे चुकलेला आकडा ते कधी पुसत नाहीत आणि त्यावर गिरवतही नाहीत. आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहितात, म्हणजे जुना काय होता हेही दिसत राहते. वहीऐवजी शीट आली तेव्हा त्यांनी मजकुरावर रेघ मारायचे बटण शोधून काढले आणि तीच पद्धत पुढे चालू ठेवली.

2023-24 च्या हंगामात चुकाऱ्यांचा हिशेब करणारी स्क्रिप्ट मी लिहिली. ती साध्या गेट-व्हॅल्यूने, म्हणजे सेलमधला नुसता मजकूर देणाऱ्या आज्ञेने, सेल वाचायची आणि त्यात सापडलेला पहिला आकडा वजन म्हणून धरायची. रिकाम्या ट्रॉलीचे वजन दुसऱ्यांदा केल्यावर काकांनी एका ठिकाणी 18.40 खोडून 17.90 क्विंटल लिहिले होते. गेट-व्हॅल्यूला अक्षरे दिसतात, रेघ दिसत नाही. त्यामुळे चुकारा निघाला 18.40 चा. दुसऱ्या दिवशी ती शेतकरी बाई कागद घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, माहा कापूस सतरा-नव्वद भरला, तुमच्या कागदावर अठरा-चाळीस कसा काय?” त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,020 रुपये होता, त्या भावाने अर्ध्या क्विंटलचे 3,510 रुपये होतात. ती स्वतःहून आली म्हणून एवढ्यावर भागले. बाकीचे कागद काढून पाहिले, तर असे आणखी अकरा चुकारे निघाले.

गटाच्या बैठकीत सगळे काकांवर घसरले. एका सेलमध्ये दोन आकडे कशाला, असे त्यांना विचारण्यात आले आणि मी खाली मान घालून गप्प बसलो. पुण्यात संगणकाचे काम करणारे आमचे भाऊजी त्या दिवशी गावातच होते; रंग आणि रेघा म्हणजे माहिती नव्हे, असा निवाडा त्यांनीही देऊन टाकला. मला तो तेव्हाही पटला नव्हता. माणसाने हाताने, विचार करून मारलेली रेघ ही नोंदच असते, आणि ती वाचता न येणे हा वाचणाऱ्याचा दोष आहे.

ती वाचण्यासाठी गेट-रिच-टेक्स्ट-व्हॅल्यूज ही मेथड (मजकुरासोबत त्याची शैलीही देणारी आज्ञा) पूर्ण रेंजवर, म्हणजे हव्या त्या सगळ्या सेलवर, एकदाच चालवावी. एकेक सेल मागत बसलात तर मोठ्या शीटवर स्क्रिप्ट एका वेळी चालण्याची गूगलची सहा मिनिटांची मर्यादा आडवी येते. मिळालेल्या प्रत्येक मूल्यावर गेट-रन्स चालवले की एकसारख्या शैलीचे तुकडे वेगवेगळे हाती येतात. प्रत्येक तुकड्याच्या टेक्स्ट-स्टाइलला इज-स्ट्राइकथ्रू विचारावे, खोडलेले तुकडे वगळावेत, उरलेले जोडावेत आणि मगच त्यातून आकडा काढावा. हा क्रम उलटा करू नये. काकांनी एकदा 17.90 मधला फक्त 90 लाल केला होता, त्यामुळे “17.” आणि “90” असे दोन तुकडे झाले आणि माझ्या पहिल्या सुधारित स्क्रिप्टने सतरा क्विंटलच धरले.

खोडलेल्या आकड्यासाठी भाऊजींनी सुचवलेला वेगळा रकानाही आम्ही एक हंगाम करून पाहिला. “रद्द वजन” असे त्याचे शीर्षक होते. डिसेंबरमध्ये काट्यासमोर रात्रीपर्यंत ट्रॉल्यांची रांग लागली की उजवीकडे सरकून तो रकाना भरायला कोणाला सवड मिळत नाही. काका जिथे बोट होते तिथेच रेघ मारत राहिले. तेव्हा आपल्या नोंद करणाऱ्याला त्रास देऊ नका, स्क्रिप्ट बदला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. सेलमध्ये मजकूर नसून निव्वळ संख्या असेल तर गेट-रिच-टेक्स्ट-व्हॅल्यूजकडून नल (म्हणजे “काहीच नाही”) मिळते आणि स्क्रिप्ट तिथेच अडते. संख्येच्या सेलमध्ये अर्धवट रेघ मारताच येत नाही, म्हणून अशा सेलसाठी पूर्ण सेलवरची रेघ सांगणारी गेट-फॉन्ट-लाइन्स ही मेथड पुरते. पूर्ण सेल खोडलेला असेल तर ती “लाइन-थ्रू” असे सांगते. फाइल एक्सेलची असून आपण पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने वाचत असाल तर एक्सेल फाइली वाचणाऱ्या ओपनपायएक्सएल या लायब्ररीची 3.1 किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी आणि फाइल उघडताना रिच-टेक्स्ट हा पर्याय ट्रू द्यावा. तो न देता फाइल उघडून त्याच नावाने सेव्ह केली, तर सेलच्या आतल्या अर्धवट रेघा कायमच्या जातात, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी.

“रद्द वजन” हा रकाना आमच्या शीटमध्ये अजून आहे, पूर्ण रिकामा. भाऊजी दिवाळीला आले की मी त्यांना तो उघडून दाखवतो.