मूळव्याध म्हणून सोडून देऊ नकोस

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन येऊन गेला. "भाऊ, ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तरी याला रक्त जातंय, आता गुडघेही धरतात. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो." तू का चिडतोस ते मला कळतं. मोठं आतडं काढून टाकलं, महिनोन्‌महिने पोटावर पिशवी वागवली, ती कोलायटिसला, त्या मोठ्या आतड्याच्या सुजेला, कायमचा रामराम ठोकायला. आणि भांड्यात पुन्हा तोच लाल रंग. माणूस बघतो आणि फ्लश ओढून मोकळा होतो. मीही तेच केलं.

माझा पाउच, म्हणजे मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याची आत शिवलेली पिशवी, २०११ चा. चार वर्षं बरी गेली, एसटीत कंडक्टरकी चालू होती. २०१५ च्या पावसाळ्यात रक्त दिसायला लागलं. मीच ठरवून टाकलं, मूळव्याध आहे. दिवसभर घाटात हादरे खाणाऱ्या माणसाला दुसरं काय होणार! चार महिने मलम लावलं. त्यातच डावा गुडघा सुजला. गाडीची पायरी चढताना दांडा धरून अंग वर ओढावं लागे. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, सकाळ-संध्याकाळ. गुडघा हलका झाला, पण तीन आठवड्यांत दिवसाला चौदा वेळा संडास आणि हिमोग्लोबिन ८. मेडिकलवाल्याचा दोष नाही. पाउचचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, त्यांच्या जातीतल्या सगळ्या गोळ्या पाउचला बिघडवू शकतात. तुझ्या खिशात असतील तर आजच बाजूला ठेव. अगदीच लागलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

शेवटी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला छत्रीची मूठ काढून दाखवली. लहान आतड्याचं शेवटचं टोक असं दुमडून शिवतात, म्हणून त्याला जे-पाउच म्हणायचं. मग त्या मुठीच्या बुडाशी एक जाड रेघ मारली. स्टेपलरने जोड घेतला असेल तर तिथे जुन्या गुदाशयाची एक-दोन सेंटीमीटर पट्टी राहते. तिला कफ म्हणतात. मोठं आतडं गेलं तरी ती पट्टी त्याच जुन्या आतड्याची, त्यामुळे कोलायटिस तिथे पुन्हा डोकं वर काढू शकतो. माझं रक्त तिथून येत होतं. रात्री झोपताना मेसालामिनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची सूज उतरवणारी गोळी, घ्यायला लागलो, आणि महिनाभरात भांडं स्वच्छ.

तुझंही तेच असेल असं मी म्हणत नाही. पाउचलाच सूज आली तर बहुधा संडासच्या वेळा वाढतात, कळा येतात, धरवत नाही, रात्री कपडे खराब होतात. त्यावर अँटिबायोटिक देतात. कधी जंतुसंसर्ग असतो, कधी जोडाजवळ जखम, क्वचित क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, निघतो. बाहेरून हे ओळखता येत नाही, तुला नाही आणि मला तर मुळीच नाही. दुर्बीण घालून पाउच आणि कफ दोन्ही बघायचे, तुकडा तपासायला पाठवायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्रीचे हाल आठवून घाबरू नकोस, इथे साफ करायला उरलंय किती!

आता सांध्यांचं. माझा गुडघा पोटाच्या मागे चालायचा, पोट बिघडलं की सुजायचा आणि पोट शांत झालं की उतरायचा. पण सगळे सांधे असे आज्ञाधारक नसतात. कमरेचं दुखणं पाउच ठणठणीत असतानाही चालू राहू शकतं. सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर लाकडासारखी आणि चालल्या-फिरल्यावर मोकळी, असं होत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं, हाडांच्या नव्हे. हा फरक समजायला माझं एक वर्ष गेलं. आणि एक विचारायचं राहिलं. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू आहे का तुझं? त्याने टाचेमागची शीर दुखू शकते. तसं असेल तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन कर. पूर्वी खूप दिवस स्टेरॉइड घेतलं असशील आणि जांघेत दुखत असेल, तर तेही सांग. खुब्याचा एमआरआय काढायला लावतील.

रक्ताच्या तपासणीत नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी पण बघायला सांग. माझा अर्धा थकवा लोह कमी असल्याचा होता, आणि मी त्याला वय म्हणत होतो.

जायच्या आधी आठवडाभर वही ठेव. आम्ही कंडक्टर तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरायचो तशी, त्या-त्या वेळी, रात्री आठवून नाही. किती वाजता गेलास, रक्त होतं का, थेंब की धार, कुठला सांधा, सकाळी किती वेळ आखडला, कुठली गोळी घेतलीस. मी तोंडी सांगायला गेलो तेव्हा "कधीकधी जातं थोडं" एवढंच बोललो होतो. वही उघडल्यावर डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले.

मात्र रक्ताच्या गाठी पडायला लागल्या, चक्कर आली, किंवा सांधा लालबुंद होऊन ताप भरला, तर वही-बिही राहू दे. त्याच दिवशी दवाखाना.

आई लग्नाचं काढते म्हणून हे घरात झाकून ठेवतोस, असंही कानावर आलंय. ते आपण समोरासमोर बोलू.

तपासणीला सोबत कुणी लागेल. आईला नको असेल तर मला सांग, मी आता रिटायर माणूस. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो तर दहाला स्टँडवर असेन. चौकशीच्या खिडकीपाशी थांब. वही आण, आणि ऑपरेशनची जुनी फाईलसुद्धा. जोड स्टेपलरचा की हाताने शिवलेला, ते तिच्यातच असेल.

तुझा,
काका