‘ग्रेव्ही’ला मराठी शब्द कोणता: रस्सा, वाटण की अळण?

प्रश्न असा आहे: ‘घरच्या घरी करायच्या हेल्दी, लो-कॅलरी ग्रेव्हीची कृती मराठीत लिहायची आहे. ग्रेव्हीला सरळ रस्सा म्हणावं का? आणि “पौष्टिक, हलकी ग्रेव्ही” असं शीर्षक चालेल का?’

आधी थोडक्यात. रस्सा चालेल, पण सगळीकडे नाही. ‘हलकी’ जपून वापरा. ‘पौष्टिक’ मात्र टाळाच, त्याचं कारण पुढे येईल.

मूळ इंग्रजीत ग्रेव्ही म्हणजे मांस भाजताना गळलेला रस, पीठ लावून दाट केलेला. जुन्या फ्रेंचमधल्या ‘ग्राने’ या शब्दातला न हस्तलिखितात कुणीतरी व वाचला आणि त्यातून ग्रेव्ही झाली, असं बहुतेक कोशकार मानतात. आपल्याकडे शब्द रुळला तो हॉटेलच्या अर्थाने. तिथे लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या सकाळीच पातेली भरून तयार असतात आणि ऑर्डर आली की त्यात पनीर नाहीतर कोफ्ते पडतात. म्हणजे ही ग्रेव्ही भाजीच्या आधी जन्माला येते.

रश्शाचं तसं नाही. नुसतं ‘रस्सा केलाय’ म्हटलं की लगेच ‘कशाचा?’ हा प्रश्न येतो. बटाट्याचा, वांग्याचा, अंड्याचा, मटणाचा. भाजी किंवा मांस त्यात शिजतं, त्याचा रस उतरतो, म्हणून तो रस्सा. कशाचाच नसलेला रस्सा मराठीत नसतो. मराठी घरात आगाऊ करून डब्यात भरून ठेवतात ते वाटण. कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण किंवा मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण. तेव्हा तुमची कृती फ्रीजमध्ये ठेवून चार दिवस वापरायच्या मसाल्याची असेल तर ‘वाटण’ लिहा. ताटात वाढायच्या पदार्थाची असेल तर ‘रस्सा’.

कालवण, कोरड्यास हे शब्दही लोक सुचवतात, पण ते वेगळ्या बाजूने पाहतात. ज्यात भाकरी किंवा भात कालवायचा ते कालवण. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून जे लागतं ते कोरड्यास. यात पदार्थ कसा बनला हे नाही, कशाशी खाल्ला हे आहे. आमटीही कालवण आणि माशाचा रस्साही कालवण. कृतीच्या नावात हे शब्द गोड वाटतील, पण ग्रेव्हीचा अर्थ सांगायला अपुरे पडतील.

तिसरा शब्द कमी लोकांना आठवतो आणि तुमच्या विषयाला तोच सगळ्यात उपयोगी आहे: अळण. पातळ भाजी, कढी, आमटी दाट व्हावी म्हणून पाण्यात कालवून लावतात ते डाळीचं पीठ म्हणजे अळण. ‘ताकातल्या पालकाला अळण लावलं का?’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. त्याच्या शेजारचं क्रियापद आळणे, म्हणजे घट्ट होत जाणे. ‘पिठलं आळून आलं’ म्हणतो ते. याची मिठाच्या अळणीशी गल्लत करू नका. अळणी म्हणजे बिनमिठाचं, आणि मटणाच्या खाणावळीत आळणी म्हणजे तिखट न घातलेला रस्सा. मराठवाड्याचं येसर तर अळण आणि मसाला एकत्रच: धान्यं आणि हरभऱ्याची डाळ भाजून, मसाल्यासकट दळून ठेवायची आणि आमटीला लावायची. काजू-मलईशिवाय दाटपणा आणण्याची ही जुनी, पक्की पद्धत आहे.

चौथी वस्तू वर तरंगते. तिला तवंग म्हणा, नागपूरकडे तर्री, मिसळीच्या भाषेत कट. (पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी तोही कट, कुठे येळवणी. त्या कटावर तेलाचा तवंग नसतो. एकच शब्द, दोन टोकं.)

एका ग्रेव्हीत आपण असे चार वेगळे शब्द ठेवले आहेत: रस, वाटण, अळण, तर्री. कमी कॅलरीचं लिहिताना ही फोड फार कामाला येते, कारण कॅलरी या चारांत सारख्या वाटलेल्या नसतात. रस म्हणजे जवळजवळ पाणी. अळण थोडं, एक टेबलस्पून बेसनाच्या सुमारे 35 कॅलरी. भार असतो तो वाटणात आणि तर्रीत. सुक्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅमला साधारण 660 कॅलरी, काजूला 550च्या वर, तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला 9. उलट कांद्याच्या 100 ग्रॅमला 40 आणि टोमॅटोच्या 20च्या आसपास. चौघांच्या हॉटेलछाप ग्रेव्हीत चार टेबलस्पून तेल (490), 40 ग्रॅम सुकं खोबरं (265) आणि पंधरा काजू (130) धरले तर भाजी पडायच्या आधीच 885 झाले. ‘ग्रेव्ही कमी खा’ हा सल्ला म्हणून ढोबळ आहे. वाटण बदला, तर्री मोजा, अळण वाढवा, असं मराठीत नेमकं सांगता येतं.

तसं केलं तर कृती अशी उतरते. चौघांसाठी 200 ग्रॅम कांदा, 275 ग्रॅम टोमॅटो, साल काढलेला 150 ग्रॅम दुधी, सहा-सात पाकळ्या लसूण, इंचभर आलं, किसलेलं सुकं खोबरं 1 टेबलस्पून, बेसन 1 टेबलस्पून, तेल 2 टीस्पून. दुधी इथे काजूची जागा घेतो. वाटला की गुळगुळीत होतो, स्वतःची चव लादत नाही आणि टोमॅटोचा आंबटपणाही थोडा ओढून घेतो. लाल भोपळ्याने रंग छान येतो पण रस्सा गोडसर होतो; मला तो फक्त अंड्याच्या रश्शात आवडतो.

कांदा उभा चिरून जाड बुडाच्या कढईत चिमूटभर मीठ घालून कोरडाच परतायला घ्या. तीन-चार मिनिटांत बुडाला तांबूस खरवड धरू लागेल. तेव्हा दोन टेबलस्पून पाणी शिंपडून उलथन्याने ती खरवडून कांद्यात मिसळा. पाणी आटलं की पुन्हा धरू द्या, पुन्हा शिंपडा. असं तीन-चार वेळा केलं की बारा-पंधरा मिनिटांत कांदा तेलाशिवाय खमंग तपकिरी होतो. सगळा रंग आणि वास त्या खरवडीत आहे, म्हणून नॉनस्टिक भांड्यात हा प्रकार तितका साधत नाही. काळी पडू दिली तर मात्र अख्खं वाटण कडू. घाईत कांदा कच्चाच वाटला तरीही कडसर होतो आणि मग कितीही उकळा, तो वास हटत नाही.

खोबरं वेगळं, मंद आचेवर, बदामी रंगाच्या पुढे थोडं जाईपर्यंत भाजा. नीट भाजलेलं एक टेबलस्पून खोबरं अर्धवट भाजलेल्या अर्ध्या वाटीपेक्षा जास्त बोलतं. मग कांद्यात आलं-लसूण, टोमॅटो आणि दुधीच्या फोडी घालून झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं शिजवा. पूर्ण गार करा, खोबरं घाला आणि पाणी न घालता वाटा. गरम असतानाच मिक्सरमध्ये फिरवलं तर वाफेने झाकण उडतं. बेसनही कोरडंच चार-पाच मिनिटं मंद भाजून ठेवा.

आता एक टीस्पून तेलात जिरं, हिंग, हळद, मग आच अगदी मंद करून तिखट आणि दीड टीस्पून गोडा किंवा काळा मसाला. दहा-बारा सेकंदांत वाटण ओता. मसाल्याचे पुष्कळसे वास आणि तिखटाचा रंग तेलात उतरतात, पाण्यात नाही. तेल कमी आहे म्हणून मसाला थेट वाटणात टाकला की रस्सा फिका आणि कच्चट लागतो. लोक मग मसाला वाढवतात, आणि तो कच्चटच वाढतो.

इथे कृती लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक होते. ‘मसाल्याला तेल सुटेपर्यंत परता.’ पण एका टीस्पूनाला सुटणार काय? वाचणारा वाट पाहतो, वाटण करपवतो किंवा बिचकून आणखी दोन चमचे ओततो. कमी तेलाच्या कृतीत हा वाक्प्रचार काढाच. ‘कच्चट वास जाऊन वाटण कढईच्या कडा सोडेपर्यंत’ असं लिहा. रंग एक छटा गडद होतो आणि उलथनं फिरवल्यावर मागे उमटलेली वाट क्षणभर तशीच राहते. साधारण सहा-सात मिनिटं.

मग दोन वाट्या गरम पाणी, मीठ, आणि भाजलेलं बेसन पाव वाटी गार पाण्यात कालवून. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. अळण लावल्यावर निदान सात-आठ मिनिटं उकळू द्या, नाहीतर पिठाचा वास येतो. आणि हवा त्यापेक्षा थोडा पातळ असतानाच उतरवा, कारण रस्सा ताटात येईपर्यंत आळतो. आंबट वाटला तर वाटाण्याएवढा गूळ. टोमॅटोऐवजी दही घालायचं असेल तर वाटीभर दह्याला एक टीस्पून बेसन घुसळून, मंद आचेवर, उकळी येईपर्यंत ढवळत घाला. साय काढलेल्या दुधाचं दही लवकर फुटतं, तिथे अळणाशिवाय गत्यंतर नाही.

उरलेलं एक टीस्पून तेल शेवटी फोडणीच्या पळीत तापवून, गॅस बंद करून अर्धा टीस्पून ब्याडगीचं तिखट घालून वरून ओता. तिखटाला एवढी उष्णता पुरते, पेटत्या गॅसवर ते जळतं. तर्री दिसायला पूर्ण आणि मोजायला एक टीस्पून. सगळं मिळून साधारण 350 कॅलरी, म्हणजे माणशी 90च्या आसपास. यात भाजी, पनीर किंवा अंडी धरलेली नाहीत.

मापांबद्दल एक भाषिक तक्रार. ‘दोन चमचे तेल’ असं लिहू नका. चहाचे दोन चमचे म्हणजे 10 मिली आणि 80 कॅलरी, टेबलस्पूनचे दोन म्हणजे 30 मिली आणि सुमारे 240. पोह्यांचा चमचा आणखी निराळा, आणि तेलाची पळी तर प्रत्येक घराची आपली. एरवी मराठी पाककृतीत ‘चमचा’ खपून जातो, पण इथे तो एकच शब्द सगळा हिशोब पालथा करतो. टीस्पून, टेबलस्पून हे शब्द आता मराठीच आहेत, बिनधास्त वापरा.

आता शीर्षक. ‘पौष्टिक’ म्हणजे अंगी लागणारं, पुष्टी देणारं. डिंकाचे लाडू पौष्टिक, अळिवाची खीर पौष्टिक. बाळंतिणीला पौष्टिक देतात ते तिचं वजन उतरावं म्हणून नव्हे. ‘पौष्टिक, कमी कॅलरीचा’ या दोन विशेषणांनी मराठी कानाला दोन दिशांना ओढल्यासारखं होतं. ‘हलका’ म्हणजे पचायला सोपा. तूप घातलेला मऊ भातही हलकाच, त्यात कॅलरी कमी असतील असं नाही. ‘पथ्याचा’ म्हटलं की आजारी माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘अल्प-उष्मांकी’ बरोबर आहे, पण तो फळ्यावरचा शब्द, तोंडी लावायचा नव्हे. माझी पसंती ‘बेताच्या तेलाचा रस्सा’ला. बेताचं म्हणजे मोजकं आणि पुरेसंही. कॅलरीचा आकडा खाली ओळीत द्या.

दाटपणा सांगायलाही इंग्रजी विशेषणांची गरज नाही. पळीने वाढता येईल असा तो पळीवाढा. भाजीला जेमतेम लपेटून राहणारा रस अंगाबरोबरचा. त्याहून थोडा सैल लपथपीत. आणि पाणी वेगळं, चोथा वेगळा झाला तर पाणचट. वरच्या प्रमाणात रस्सा पळीवाढा होतो. पाणी अर्ध्या वाटीने कमी केलं तर अंगाबरोबरचा.

तरी ‘ग्रेव्ही’च ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, परका शब्द म्हणून हाकलण्याचं कारण नाही. फक्त ‘ग्रेवी’ लिहू नका, ते हिंदी वळण झालं. मराठीत ग्रेव्ही, ती ग्रेव्ही, अनेकवचन ग्रेव्ह्या.