पहिली शिवण पिशवीचीच करा

ब्लाऊज, कुर्ता सध्या राहू द्या. नागपूरच्या गांधीबागेतून 44 इंच पन्ह्याचा मांजरपाट, म्हणजे कोरं जाडसर सुती कापड, मीटरभर आणा. पिशवीला अर्धा मीटर पुरतो, उरलेल्यावर सराव. कापण्याआधी कापड रात्रभर भिजवा, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आपल्या उन्हात ते पटकन कडक होतं, म्हणून जरा ओलसर असतानाच इस्त्री फिरवा.

15 बाय 18 इंचांचे दोन तुकडे, आणि बंदांसाठी 4 इंच रुंदीच्या दोन पट्ट्या. पट्टी चौपदरी दुमडली की 1 इंचाचा बंद होतो. तिन्ही बाजूंना अर्धा इंच शिलाई, वर दीड इंच दुमड. सुई 14 नंबरची, इंचाला दहा टाके.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं, की नवखे लगेच बॉबिनकेसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू फिरवतात. त्याला हात लावू नका! दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना ओवलं, तर वरचा दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांत तो नीट बसत नाही. दाबपट्टी उचलून पुन्हा ओवा. शिवताना मधले टाके पडतच नसतील तर सुई पाहा: लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा आत जायला हवा.

बंद जोडताना सात थर होतात. तिथे 16 नंबरची सुई लावा, चाक हाताने फिरवा. कापड मागून ओढाल तर सुई वाकून खालच्या धातूच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. बंदाच्या टोकाला चौकोन शिवून आत फुली मारा. भाजीचं ओझं तिथेच येतं.