शिकंजा आवळण्याआधी

भाऊ, लाकडाचा सांधा चिकटवताना आधी शिकंजे, म्हणजे आवळायचे क्लॅम्प, फेविकॉल न लावता कोरडेच लावून बघ. सांधा नीट बसत नसेल तर रंध्याचे दोन हात अजून मार. फट भरणं फेविकॉलचं काम नाही. मे महिन्यात जळगावच्या पत्र्याखाली तो बघता बघता साय धरतो, म्हणून चिकटवणं सकाळीच उरकायचं. साग तेलकट, त्यावर आधी थिनरचा बोळा फिरव. मग दोन्ही अंगांना फेविकॉलचा पातळ हात दे, कापलेल्या टोकाला दोनदा, ते फार पितं. शिकंजा आवळताना कडेने फेविकॉलच्या बारीक मण्यांची ओळ दिसली की थांब. मी पोरवयात जास्त आवळून सगळा फेविकॉल पिळून काढला होता. खुर्ची गिऱ्हाइकाच्या ओट्यावरच खिळखिळी झाली! बाहेरच्या दाराला मात्र पाण्यात टिकणाराच घे. सांध्यावर जोर मात्र 24 तासांनीच दे.