आजीचा स्टोव्ह पुन्हा फरफरेल का?

प्रश्न : माळ्यावर आजीचा पितळी पंपाचा स्टोव्ह सापडला. टाकी काळी पडलीय, पंप मारला तर दांडा नुसताच आत-बाहेर होतो. दुरुस्त होईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा होईल. पंप हवा धरत नाही, कारण आतलं चामड्याचं वायसर वाळून आक्रसतं. लगेच नवं घेऊ नका. पंपाचं टोपण फिरवून दांडा बाहेर काढा, वायसर रात्रभर गोडेतेलात बुडवा आणि सकाळी त्याची कड बोटांनी वाटीसारखी फाकवा. माझ्या आईचा १९५८ सालचा स्टोव्ह एवढ्यावरच बोलू लागला.

टाकीला चिंच-मीठ पुरे. पॉलिशच्या चाकावर देऊ नका. पत्रा झिजतो आणि कोरलेली अक्षरं जातात. मी एकदा दिला, अजून हळहळतो.

रॉकेल भरण्याआधी रिकाम्या टाकीत थोडी हवा भरा आणि स्टोव्ह बादलीत बुडवा. निपलमधून, म्हणजे बर्नरच्या बारीक भोकाच्या तोटीतून, बुडबुडे येणारच, ते सोडा. पण टाकीच्या सांध्यातून आले किंवा तळ फुगलेला असला, तर स्टोव्ह शोकेसमध्ये. तिथे डाग (झाळ) देऊन भागवायचं नाही. आणि रॉकेल मिळत नाही म्हणून पेट्रोल? मुळीच नाही.

बर्नर आणि तो तापवायचा काकडा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी शोधा. पेटवताना आधी स्पिरिटच्या काकड्याने बर्नर चांगला तापू द्या, मग पंप. घाई केली की पिवळा भडका. निपलचं भोक साफ करायच्या पिना मात्र एकदम दहा घ्या. पिन नेमकी पाहुणे आल्यावरच मोडते.